कोडगा

पाणी यायच्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज चढलेला असतो. सोलापुरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ येतो, कधी पहाटे, कधी रात्री दहाला. आला की हौद, पिंपं, हंडे, बादल्या, सगळं घाईघाईनं भरून घ्यायचं. मोटार लागते, पाइप ओढले जातात, ‘अगं बंद कर, वाहून चाललं’ अशी हाकाटी सुरू होते. गेल्या वर्षी मार्चमधल्या अशाच एका रात्री माझ्या सासऱ्यांनी माझ्या मुलाला मारलं. त्यांनी मारण्याची ती पहिली वेळ नव्हती. मी मध्ये उभी राहण्याची मात्र पहिलीच.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मुलाचं खरं नाव इथं लिहीत नाही, घरात सगळे दादू म्हणतात. तो आता सात वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. दादू स्वतःत मग्न नसतो. बाहेरचं सगळं एकदम त्याच्या अंगावर येऊन आदळतं, म्हणून तो दार लावून घेतो.

दीड वर्षाचा असताना तो ‘आबा’, ‘भूर्र’, ‘पाणी’ म्हणायचा. दोन वर्षांचा होईपर्यंत हे सगळे शब्द गेले. आत्या म्हणायच्या, ह्याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता. आम्हीही त्यावर विसंबून राहिलो. अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला सरकारी पथक येतं, त्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला दोन-तीन हाका मारल्या, तो वळला नाही, आणि त्यांनी पुढं पाठवलं. कानाची तपासणी झाली, कान उत्तम निघाले. तीन वर्षांचा होता होता निदान झालं. ह्या सगळ्यात मामा आमच्याबरोबर होते. रिक्षाचे पैसे त्यांनी दिले, सिव्हिलच्या ओपीडीत रांगेत ते उभे राहिले. संध्याकाळी सायकलच्या दांडीवर छोटं सीट बसवून ते त्याला कंबर तलावापर्यंत नेत. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे ध्यानात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण मारणारा आजोबा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एक चित्र उभं राहतं, आणि मामा त्या चित्रातले नाहीत.

चौतीस वर्षं ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की जॉबरला हाक. आठ-आठ, बारा-बारा तास त्या खडखडाटात काढून त्यांचा उजवा कान जवळपास गेलाय. त्यामुळं ते मोठ्यानं बोलतात, आणि दुसऱ्याला आवाजाचा त्रास होतो ही गोष्टच त्यांना खरी वाटत नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना पट्ट्यानं मारलेलं. ‘मारलं म्हणून माणसात आलो,’ हे ते अभिमानानं सांगतात. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी मारलंय, आणि नवरा मोठ्या मनानं म्हणतो, ‘काय झालं आम्हाला?’ ह्या वाक्यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं.

तर ती रात्र. मी गच्चीवरच्या टाकीत पाइप धरून उभी. खाली आत्या पिंपं सरकवत होत्या, मामा मोटारीपाशी. दादूनं दोन्ही कानांवर हात दाबले होते आणि ‘म्म्म्म’ असा एकसुरी आवाज काढत तो अंगणात गोल गोल फिरत होता. मग त्यानं पिंपातला पाइप ओढून काढला. पाणी सगळं अंगणात. मामांनी पाइप परत लावला, त्यानं परत काढला. मामांनी त्याचा दंड धरला, तर तो त्यांच्या मनगटाला कडकडून चावला. मी जिन्यावरून बघितलं तेव्हा मामांनी त्याच्या पाठीत दोन रपाटे घातले होते. दादू रडला नाही. हसला. त्याचं ते हसणं मला ओळखीचं आहे, घाबरला की तो तसा दात दाखवून हसतो, डोळे मात्र कुठंतरी भलतीकडंच असतात. मामांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “बघ, बघ, वर हसलालाय! कोडगा झालाय पार.” आणि तिसरा रपाटा आधीच्यापेक्षा जोरात बसला.

मी कशी उतरले मला आठवत नाही. पाइप वरच सोडून दिलेला. दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाले, “मामा, ह्याच्यापुढं त्याला हात लावायचा नाही.”

लग्नाला दहा वर्षं झाली होती. ह्या घरात सासऱ्यांसमोर मी आवाज चढवला नव्हता. मामांनी माझ्याकडं बघितलं, मोटार बंद केली आणि आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढचे पाच-सहा दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मामा ‘तिला सांग’ म्हणून आत्यांकडं निरोप द्यायचे आणि मी तिथंच उभी असायचे. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात.” असं वाक्य भांडणात कुणाच्याच कामाचं नसतं. त्याला एका रात्री जवळ बसवून मी दादूची पाठ दाखवली. बोटं उठली होती. तो गप्प बसला, पण वडिलांशी बोलायला काही गेला नाही. मला त्याचा राग आहे अजून, थोडा.

मी माझ्या परीनं वाद घालायला गेले, आणि चुकीच्या टोकानं गेले. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळेत मुलांना मारायला बंदी आली, हे सांगितलं. मामा म्हणाले, “घर म्हणजे शाळा नाय.” अपंगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात दादूचाही आहे, हे सांगितलं. ते म्हणाले, “कायद्यानं पोरगं वाढतं का?” मोबाइलवर व्हिडिओ लावून दिले. दोन मिनिटं बघितल्यासारखं करून म्हणाले, “ह्या बाया मला शिकवणार पोरं वाढवायला?” थेरपिस्ट मॅडमनी सांगितलेलं मी पाठ केल्यासारखं म्हणून दाखवायचे. हट्ट वेगळा आणि हे कोसळणं वेगळं. हट्ट करणारं पोर मधूनच डोळा उघडून बघतं, कुणाचं लक्ष आहे का. हवं ते हातात पडलं की थांबतं. कोसळलेल्या मुलाला काही दिलं तरी थांबता येत नाही, आणि कुणी बघत नसलं तरी ते चालूच असतं. हे अगदी खरं आहे. पण मी त्याचा वापर असा करत होते की दादूनं काहीही केलं तरी ते कोसळणंच. बिस्किटासाठी लोळला तरी कोसळणंच. मामांना हे दिसत होतं. म्हणून त्यांना माझं बाकीचंही खोटं वाटत होतं.

भांडण हललं ते तिसऱ्याच ठिकाणी.

दादूचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायचं राहिलं होतं. ऑनलाइन अर्ज भरला, तारीख मिळाली, आणि नेमकी त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी नव्हती. दादूला एकटीनं नेणं मला झेपत नाही. आत्या म्हणाल्या, मामांना घेऊन जा. रिक्षात आम्ही तिघं, दादू मध्ये, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना तोंड करून बसलेलो.

ऑटिझम किती प्रमाणात आहे ते मोजायची आपल्या देशात एक ठरलेली पद्धत आहे, आयएसएए म्हणतात तिला. तिच्यात चाळीस मुद्दे असतात. प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तर किंवा जास्त आली तर ऑटिझम, एकशे सातपासून पुढं मध्यम, एकशे त्रेपन्नच्या पुढं तीव्र. मानसशास्त्रज्ञ मॅडम मुलाशी खेळतात, निरीक्षण करतात आणि घरच्यांना विचारत जातात. नजरेला नजर देतो का. एकटाच बसतो का. तेच तेच शब्द म्हणतो का. मी उत्तरं देत होते, मामा भिंतीला टेकून उभे होते, दादू टेबलाखाली बसून स्टुलाचं चाक फिरवत होता.

मग मॅडमनी विचारलं, “लागलं, खरचटलं तर रडतो का? की दुखलेलं जाणवतच नाही असं वाटतं?”

मी म्हणाले, “कधी कधी जाणवत नाही.”

मागून मामा बोलले. तोवर एक शब्द बोलले नव्हते. “मागच्या उन्हाळ्यात पत्र्यावर उभा होता. अनवाणी. दुपारचे दोन वाजलेले. मी बघितलं तवा किती वेळ उभा होता काय माहीत. उचलून आणलं, तळवे लाल, फोड आलेले. रडला नव्हता.”

मॅडमनी लिहून घेतलं. काही गुण मांडले. मामांनी विचारलं, “हे पण त्यातच येतं?”

“हो, त्यातच.”

“मारलं तरी रडत नाही.”

त्या खोलीत मला श्वास घेववेना. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या मामांना रागावल्या नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. त्या म्हणाल्या, “आजोबा, त्याला लागत नाही असं नाही. कधी उशिरा कळतं, कधी कळलं तरी दाखवता येत नाही. आणि मार का बसला, हे त्याच्या डोक्यात जुळत नाही. पाइप काढला म्हणून मार, हा धागा त्याला लागत नाही. त्याला एवढाच लागतो की आबा जवळ आले की दुखतं.”

दादूचे गुण एकशे बारा झाले. घरी येताना मामांनी सात रस्त्याला रिक्षा थांबवली, स्वतःसाठी चहा घेतला, दादूला क्रीमरोल घेतला. तो त्यानं कुरकुरीत भाग तेवढा खाऊन आतलं क्रीम शर्टला पुसलं. मामा रुमालानं पुसता पुसता म्हणाले, “कोडगा म्हणायचो मी त्याला.” एवढंच. मी काही बोलले नाही. काही बोलले असते तर ते वाक्य मोडलं असतं.

ह्यावरून सगळं बदललं असं मात्र कुणी समजू नये. चौथ्या दिवशी पाणी आलं, दादू चावला, मामांचा हात वर गेला. तो वरच राहिला, पण ते असे ओरडले की शेजारचे बाहेर आले.

थेरपीच्या मॅडमनी एक वही घालायला सांगितली होती. तीन रकाने. आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. मी दोन दिवस लिहिलं आणि सोडून दिलं. नोकरी, स्वयंपाक, थेरपीच्या फेऱ्या, ह्यात वही कुठं लिहिणार? ती फ्रिजवर पडून होती. एक दिवस बघते तर मामांच्या ठसठशीत अक्षरात पान भरलेलं. कारखान्यात कुठला लूम कधी बंद पडला, का पडला, हे त्यांनी उभ्या जन्मात मनात नोंदवलंय. आता कागदावर आलं. ‘स. ७.१०. आधी : आत्याने मिक्सर लावला. त्याने : कान झाकले, पळाला. नंतर : काही केले नाही. ५ मिनिटात आला.’ अशा नोंदी. शब्दाला शब्द जास्त नाही.

आणि त्या नोंदींतून त्यांनी शोधून काढलं ते माझ्या चार वर्षांत लक्षात आलं नव्हतं. आम्ही सगळे मोटारीला दोष देत होतो. मामांनी तीन वेळच्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या, आणि तिन्ही वेळा दादूचं ‘म्म्म्म’ मोटार लागायच्या आधीच सुरू झालेलं. मोटारीच्या आधी काय, तर आत्या पिंपं सरकवतात. शहाबादी फरशीवर पत्र्याचं पिंप खर्रर्र करत ओढलं जातं, तो आवाज. मामांना तो आवाज ऐकूच येत नाही, आम्हाला सवयीचा. मामा म्हणाले, “लूम बंद पडतो तिथं बिघाड नसतो. बिघाड आधी कुठंतरी असतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलचं जुनं टायर कापून प्रत्येक पिंपाच्या बुडाला तारेनं बांधलं. आता पिंप सरकतं, आवाज येत नाही.

तेवढ्यानं सगळं भागलं नाही, मोटार होतीच. त्यासाठी मॅडमनी चित्रं करायला सांगितली. नळाचा फोटो, मोटारीचा फोटो, भरलेल्या हौदाचा फोटो, आणि शेवटी सायकलचा. हे झालं की हे, मग हे, मग आबांबरोबर चक्कर. पाणी कधी येणार ते कळत नाही ही आपल्याकडची मोठी अडचण. पण नळानं नुसती हवा सोडायला सुरुवात केली तरी पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात चित्रं दाखवून होतात. आणि मामांनी एक दिवस हार्डवेअरच्या दुकानातून कानावर लावायचे मफ आणले, कारखान्यात आवाजापासून बचावाला वापरतात तसे. पट्टी मोठी होत होती, आतून कापडाची घडी शिवून ती दादूच्या डोक्याएवढी केली. मला देताना म्हणाले, “आमाला कुणी दिलं नव्हतं. ह्याला तरी असू दे.”

हे वाक्य मी कितीदा तरी मनात म्हणून बघितलंय.

पहिले आठ दिवस त्यानं मफ फेकून दिले. मग दहा सेकंद, मग मिनिटभर. आता मोटारीचं बटण दिसलं की स्वतःच आणून देतो.

चादरीचं असंच. दादू कोसळला की त्याला धरून ठेवू नका, असं आम्हाला सांगितलं होतं, पण त्याला स्वतःला मात्र दाब हवा असतो, गाद्यांच्या ढिगाखाली जाऊन झोपतो. मामांनी आपली जाड सोलापुरी चादर दुहेरी करून त्याच्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या चालेल, पण तोंड, मान मोकळी हवी, तो म्हणेल तेवढाच वेळ, आणि तुम्ही शेजारी बसलेले हवेत. दादू आता स्वतः चादर ओढत मामांपाशी येतो. ‘चा’ म्हणतो. चादरीतला चा. दोन वर्षांचा असताना गेलेल्या शब्दांनंतरचा हा त्याचा पहिला, निदान मी तो शब्दच धरते.

आता मामांचं काय बरोबर होतं तेही लिहिते, कारण ते लिहिलं नाही तर ही गोष्ट माझ्या बाजूनं वाकवल्यासारखी होईल.

दादू मोबाइलशिवाय जेवत नव्हता. समोर गाणी लावायची आणि तो बघत असताना घास कोंबायचा. मी लावून दिलेली सवय. थेरपीहून दमून यायचं, तो काही खात नाही ह्या धास्तीनं जीव अर्धा व्हायचा, मग मोबाइल. ताट फेकलं तरी मी उचलायचे. मामा म्हणायचे, “तू त्याला बिचारा करून ठेवलायस. तुझ्यामागं त्याला कोण घास भरवणार?” मला ते लागायचं आणि मी उलटून म्हणायचे, तुम्हाला त्याचा आजार कळत नाही. एकदा थेरपीला मामा बरोबर आले आणि त्यांनी हा विषय मॅडमसमोरच काढला. मला वाटलं मॅडम माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, “आजोबांचं बरोबर आहे. नियम ह्या मुलांना जास्त लागतात. फक्त तो रोज तोच हवा, घरात सगळ्यांचा एकच हवा, आणि मारून शिकवायचा नाही.” मी त्या दिवशी रिक्षात रडले. हरल्याचं रडू नव्हतं ते. इतकी वर्षं मी प्रेम म्हणून जे करत होते त्यातलं अर्धं माझ्या भीतीपोटी होतं, ते कुणीतरी बोलून दाखवलं होतं.

मोबाइल बंद करायचं ठरलं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की रडणं कमी व्हायच्या आधी वाढतं. वाढल्यावर तुम्ही मोबाइल दिलात, तर तो एवढंच शिकेल की एवढं रडलं की मिळतो. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी तासाच्या वर, डोकं जमिनीला आपटायला लागला तेव्हा मामांनी नुसती उशी सरकवली. मी दोनदा मोबाइल घ्यायला उठले आणि दोन्ही वेळा मामांनी हातानं ‘बस’ अशी खूण केली. ते दारात मांडी घालून बसून होते. ना मारणं, ना रागावणं, ना देणं. एवढा न ढळणारा माणूस मी बघितला नाही. आठव्या दिवशी दादूनं ताटातली कडक भाकरी उचलली. त्याला कुरकुरीत आवडतं हे आम्हाला ठाऊक होतं, भाकरीचा तुकडा दातांत कडकन मोडला की तो थांबून तो आवाज ऐकतो. अर्धी भाकरी त्यानं मोबाइलशिवाय खाल्ली. आत्या देवापुढं साखर ठेवून आल्या.

आणि आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते.

मे महिन्यातली रात्र. सोलापूरचा मे म्हणजे रात्री दहालाही भिंती तापलेल्या. लाइट गेली होती. आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो, मामा बाजूला खाटेवर. दोनच्या सुमाराला दादू उठला आणि माझ्या दंडाला चावला, सोडेचना. मी त्याच्या गालावर मारलं. सुटला, तरी आणखी एक मारलं. दुसरी चापट सोडवून घेण्यासाठी नव्हती. मला माहीत आहे ती कशासाठी होती.

मामांच्या खाटेवर हालचाल झाली नाही. मला वाटलं झोपलेत.

सकाळी वही उघडली. ‘रात्री २. आधी : लाइट गेली, पंखा बंद. त्याने : चावला. नंतर : आईने मारले.’

दुसरं काही नाही. ना शेरा, ना बोलणं. दिवसभर ते माझ्याशी नेहमीसारखे वागले. मला ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. संध्याकाळी भाजी निवडताना मीच विषय काढला. म्हणाले, “मी तुम्हाला एवढं बोलले आणि मीच.” मामा बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत बसले. मग म्हणाले, “मी मारलं तवाचं आठवून बघितलं. एकदा पण असं नाय की पोट भरलेलं, झोप झालेली, आणि मारलं.” रात्री त्यांनी वहीत पट्टीनं चौथा रकाना आखला. ‘आपण कसे होतो.’ आता त्यात नोंदी असतात. ‘दमलेलो.’ ‘गुडघा दुखत होता.’ ‘सूनबाई न जेवता होती.’ मी कधी चिडले की आत्या आता म्हणतात, जा, चौथ्या रकान्यात लिही जा. तोपर्यंत मी दादूला घेते.

मारणं पूर्ण थांबलं का? दिवाळीत चकलीची कढई गॅसवर असताना दादूनं हात घातला, मामांनी त्याच्या हातावर फटका मारून हात मागं ओढला. त्यावर आमचा पुन्हा वाद झाला. ते म्हणतात हात भाजण्यापेक्षा फटका बरा. मी म्हणते नुसता ओढला असता तरी चाललं असतं. मॅडम म्हणाल्या स्वयंपाकघराला अर्धं दार करून घ्या. ते केलं. वाद राहिला तो राहिला.

आणि गड्ड्याचा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेचा, वाद तर अजून मिटलेला नाही. मामांच्या मनातून जात नाही की घरातला पहिला नातू आणि तो यात्रेत नाही. संक्रांतीच्या सुमाराला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा आमचं घर बंद असतं, सगळे तिथं. दादू चार वर्षांचा असताना मामांनी त्याला खांद्यावर बसवून नेलं होतं. ती गर्दी, ते ‘हर्र बोला हर्र’, नंदीध्वजांच्या सात उंच काठ्या एकामागून एक, आणि त्यानं मामांचा कान रक्त येईतो ओरबाडला. भर रस्त्यात मामांनी त्याला मारलं होतं, माझ्या लेखी सगळं तिथून सुरू झालं. या वर्षी मी स्पष्ट नाही म्हणाले. मामांनी त्याच्यासाठी छोटी पांढरी बाराबंदी शिवून घेतलेली, ती कपाटात तशीच आहे. “लपवून ठेवायचं का पोराला?” असं त्यांनी विचारलं. ह्या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. लपवायचं तर नक्कीच नाही. पण गावाला दाखवण्यासाठी त्याला त्या आवाजात नेऊन उभंही करायचं नाही.

शेवटी असं ठरलंय, की यात्रेच्या आधी नंदीध्वजांचा सराव चालतो, त्याला जायचं. तेव्हा गर्दी कमी असते, काठ्याही साध्या असतात. लांबून, रस्त्याच्या पलीकडून बघायचं, आणि दादूनं चादर मागितली की मागं फिरायचं. बाराबंदीचे बंद त्याला टोचतील म्हणून मामांनी आतून मऊ कापड लावून घेतलं, तरी तो ती घालेल असं मला वाटत नाही. मामांना वाटतं.

आज रात्री वही बघितली. उद्याच्या तारखेचं पान मामांनी आजच आखून ठेवलंय. पहिला रकाना भरलेला आहे. ‘आधी : काठीचा फोटो दाखवला, चार वेळा. मफ पिशवीत. चादर पिशवीत. कडक भाकरी दोन.’ चौथाही भरलाय. ‘मी : धाकधूक.’ मधले दोन कोरे आहेत.